यंत्रातला गंधार

बांद्याच्या परिसरात दशावतारी नाटक असो की भजनाची बारी, पेटीशिवाय पान हलत नाही. पण पेटीवर राग वाजू शकतो का, हा वाद जुना आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. मुख्य आक्षेप दोन होते. पेटीचे स्वर कायमचे बसवलेले, म्हणून श्रुती साधत नाहीत. आणि एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड सरकणारी मींड निघत नाही. हेच दोन आक्षेप मनात ठेवून आम्ही एक ध्वनिमुद्रिका ऐकली.

चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. नवनवीन विद्युत वाद्ये मिळवून वाजवण्याची त्यांना हौस. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही मुद्रिका काढली. भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग तीन जपानी यंत्रांवर वाजवलेले. राग ज्युपिटर-८ वर, खर्जातली साथ टीबी-३०३ वर आणि ठेका टीआर-८०८ वर. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि युरोपातले श्रोते चकित झाले. शिकागोत १९८७ च्या सुमारास गाजलेले ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत त्यांना इथे पाच वर्षे आधीच ऐकू आले.

म्हणून सिंग यांना त्या संगीताचे जनक म्हणावे का? आम्हाला ते पटत नाही. शिकागोच्या वादकांनी ही मुद्रिका ऐकली होती असा पुरावा नाही. साम्याचे कारण यंत्रात आहे. टीबी-३०३ मधला फिल्टर म्हणजे आवाजाची गाळणी. ठरावीक मर्यादेवरच्या कंपनसंख्या ती अडवते आणि मर्यादेजवळच्या कंपनसंख्या अनुनादाने फुगवते. बटण फिरवून ही मर्यादा सरकवली की तो ओलसर, चिवचिवता आवाज येतो. तेच यंत्र दोन ठिकाणी वापरले, तर आवाजही सारखाच येणार.

आता आक्षेपांकडे वळू. मींडेचा प्रश्न यंत्राने अर्धा सोडवला आहे. टीबी-३०३ मध्ये स्वर विद्युतदाबावर ठरतो. दाब एकदम न बदलता संधारित्रामार्फत हळूहळू बदलला की स्वर सरकतो. पण अंतर एका स्वराचे असो की पाच स्वरांचे, हे सरकणे एकाच ठरलेल्या वेळात होते. गायक मात्र मींड कधी रेंगाळत घेतो, कधी झटकन. निवड त्याची असते.

श्रुतीचा प्रश्न तसाच राहतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरा. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ५/४ पटीचा, म्हणजे ३०० हर्ट्झ. बारा समान भागांच्या सप्तकात तोच गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झ होतो. फरक किरकोळ वाटेल. पण या गंधाराच्या चौपट कंपनसंख्येचा उपस्वर १२०९.५ हर्ट्झचा आणि षड्जाचा पाचपट उपस्वर १२०० हर्ट्झचा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेनऊ विस्पंद होतात आणि स्वर थरथरतो. यमनात गंधार वादी आहे, तिथेच हे खटकते. तोडीचा अतिकोमल गंधार आणि मालकंसाचा कोमल गंधार तर एकाच पट्टीवर येतात.

ठेक्याबद्दलही तक्रार आहे. त्रितालात खाली आणि भरी असते, म्हणून समेची वाट पाहता येते. डिस्कोत प्रत्येक मात्रेवर सारखाच ठोका.

मग मुद्रिका टाकाऊ का? मुळीच नाही. जलद ताना आणि झाल्यासारखे तुकडे यांत ती खरोखर रंगते. स्वरावर थांबायला वेळच नसल्याने विस्पंद जाणवत नाहीत. हे वादकाचे शहाणपण आहे. यंत्राला जे जमते, तेच त्यांनी त्याच्याकडून करून घेतले. रागाचे चलन इथे टिकते, रागाचा ठहराव मात्र हरवतो.

आज कीबोर्ड शाळेच्या प्रार्थनेतही पोचला आहे. मुलांचा कान कोणत्या गंधाराला खरा मानणार, हा प्रश्न म्हणून आपलाही आहे. वर्गात हा प्रयोग करून पाहा. तंबोरा लावा, मुलांना त्याच्याशी जुळणारा गंधार गाऊ द्या आणि मग कीबोर्डवर तोच स्वर दाबा. थरथर त्यांना स्वतः ऐकू द्या. प्रत्येक स्वर वेगळा चढवण्या-उतरवण्याची सोय काही कीबोर्डांत असते. ती असेल तर गंधार थोडा उतरवून पुन्हा ऐकवा. त्यानंतर सिंग यांचा यमन लावा. मुले तो आनंदाने ऐकतील, आणि त्यात काय कमी आहे तेही सांगतील.