विटांचे आवरण आणि वास्तूचे सत्य : मोझली ओल्ड हॉलचा समीक्षात्मक विचार

बीजशब्द : वीटबांधकाम, शेतघर, वारसा-जतन, पुनर्बांधणी

प्रास्ताविक :
इंग्लंडच्या ग्रामीण वास्तुपरंपरेत विटांच्या शेतघराकडे स्थैर्याचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. मात्र बाहेरून दिसणारी वीट ही मूळ बांधणीचा भाग असतेच असे नाही. अनेक जुन्या लाकडी घरांना नंतरच्या काळात विटांचे आवरण चढवले गेले. हे आवरण वास्तूचे सत्य झाकते की सांगते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात स्टॅफर्डशायरमधील मोझली ओल्ड हॉलच्या आधारे केला आहे.

विवेचन :
वुल्व्हरहॅम्प्टनच्या उत्तरेस असलेले हे घर इ. स. १६०० च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर उभे राहिले. त्याचे मालक व्हिटग्रीव्ह कुटुंब कॅथलिक होते. १५८५ च्या कायद्याने कॅथलिक धर्मगुरूंचे इंग्लंडमधील वास्तव्य राजद्रोह ठरले होते. त्यामुळे अशा घरांत धर्मगुरूंसाठी गुप्त जागा केल्या जात. वूस्टरच्या लढाईत ३ सप्टेंबर १६५१ रोजी पराभूत झालेल्या दुसऱ्या चार्ल्सने त्यानंतर काही दिवसांतच या घरात आश्रय घेतला आणि येथील अशाच गुप्त जागेचा त्याला उपयोग झाला.

पुढे हे घर शेतघर म्हणून वापरात राहिले आणि १८७० च्या सुमारास त्याला विटांचे आवरण मिळाले. विटांवरील कर १७८४ साली लागू झाला होता व १८५० साली रद्द झाला होता. राजाने पाहिलेले घर आणि आज दिसणारे घर यांत म्हणूनच सुमारे दोनशेवीस वर्षांचे अंतर आहे. वास्तूची कीर्ती १६५१ ची, दर्शनी रूप मात्र व्हिक्टोरियन काळातील, ही विसंगती अनेक अभ्यासकांना खटकते. 'अस्सल' घर विटांमागे दडले आहे, असे त्यांना वाटते.

हा आक्षेप पूर्णतः निराधार नाही. विटांमुळे लाकडी बांधणीची रचना डोळ्यांना दिसत नाही. आत ओल साचल्यास तीही लवकर लक्षात येत नाही. तथापि, वीट काढून सतराव्या शतकाचा देखावा उभा करणे म्हणजे एका कालखंडाच्या हव्यासापोटी दुसरा पुसणे होय. विल्यम मॉरिस आदींनी १८७७ साली स्थापन केलेल्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेचा विरोध नेमका अशाच 'जीर्णोद्धारा'ला होता. शिवाय राजाचा मुक्काम मोजक्या दिवसांचा. शेती करणाऱ्यांचे वास्तव्य पिढ्यांचे. त्या दीर्घ, अनाम वापराची सर्वांत ठळक खूण ही वीटच आहे.

१९६२ साली हे घर नॅशनल ट्रस्टकडे आले. त्यानंतर परिसरात सतराव्या शतकातील आराखड्याबरहुकूम बाग नव्याने रचण्यात आली. घराची वीट मात्र राहू दिली. बागेत पुनर्रचना आणि भिंतीत जतन, अशी दोन भिन्न तत्त्वे एकाच आवारात नांदतात. हा भेद प्रेक्षकाला स्पष्टपणे सांगितला गेला पाहिजे. अन्यथा नवी बाग जुनी आणि जुनी भिंत परकी वाटण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :
वास्तूचे सत्य तिच्या पहिल्या रूपापुरते मर्यादित नसते. मोझली येथील वीट हे जुन्या घरावर चढवलेले खोटे रूप नसून त्या घराच्या आयुष्यातील एक प्रकरण आहे. वारसा-जतनाचा निर्णय घेताना प्रसिद्ध घटनेइतकेच महत्त्व दैनंदिन वापराच्या पुराव्यालाही दिले जावे, हेच या अभ्यासातून सूचित होते.