‘आर्मी वाइव्ह्‌ज’ या अमेरिकन मालिकेतील सैनिकपत्नींचे चित्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना :

युद्धकथेत रणभूमीला जे स्थान मिळते ते सैनिकाच्या घराला क्वचितच मिळते. या पार्श्वभूमीवर ‘लाइफटाइम’ या अमेरिकन वाहिनीवर ३ जून २००७ रोजी सुरू झालेली आणि २०१३ पर्यंत सात पर्वे चाललेली ‘आर्मी वाइव्ह्‌ज’ ही मालिका लक्षणीय ठरते. तिच्या प्रारंभाचा काळही ध्यानात घ्यावयास हवा. इराक व अफगाणिस्तानातील सैनिकांच्या तैनातीची मुदत बारा महिन्यांवरून पंधरा महिने करण्याचा निर्णय अमेरिकी संरक्षण खात्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केला होता. वाट पाहणे हा तेथील हजारो घरांचा नित्यक्रम झाला असताना ही मालिका त्या घरांत शिरली. तिने तेथे काय पाहिले आणि काय पाहण्याचे टाळले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हुद्द्याची छाया :

कथानक साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनजवळच्या फोर्ट मार्शल या काल्पनिक लष्करी तळावर घडते. क्लॉडिया जॉय होल्डन ही कर्नलची पत्नी. डेनिस शेरवूड हीही अधिकाऱ्याचीच पत्नी. रॉक्सी लेब्लांक मात्र मद्यालयात काम करणारी, दोन मुलांची आई. अवघ्या काही दिवसांच्या ओळखीवर एका साध्या शिपायाशी विवाह करून ती तळावर येते. पामेला मोरान ही कर्जापायी गुपचूप दुसऱ्या दांपत्यासाठी गर्भ वाढवीत असते. पहिल्याच भागात मद्यालयातील पूल खेळाच्या टेबलावर ती जुळ्यांना जन्म देते आणि त्या गुपितातून या स्त्रियांची मैत्री जुळते.

हा प्रसंग नाट्यमय आहे, किंचित भडकही आहे; परंतु त्यामागील निरीक्षण अचूक आहे. सैन्यातील हुद्द्यांची उतरंड नियमांनी केवळ सैनिकांना बांधते, पण प्रत्यक्षात ती त्यांच्या स्त्रियांच्या चहापानापर्यंत पोहोचते. कोणी कोणाला नावाने हाक मारावी, कोणाच्या घरी जावे, हे पतीच्या खांद्यावरील चिन्हांवरून ठरते. लेनोर बेकर या अधिकारीपत्नीचे डावपेच पाहताना बढती पतीची असली तरी स्पर्धा दोन घरांची असते, हे उमगते. पत्नी येथे बिनपगारी व बिनहुद्द्याची, तरीही व्यवस्थेने गृहीत धरलेली सेविका आहे. मालिकेचे खरे सामर्थ्य या सूक्ष्म तपशिलात आहे.

रोलंड बर्टन या मनोविकारतज्ज्ञाची योजना तर विशेष अर्थपूर्ण म्हणावी लागेल. त्याची पत्नी जोन लेफ्टनंट कर्नल आहे आणि अफगाणिस्तानातून ती युद्धाचा मानसिक आघात घेऊन परतते. घरी थांबणारा पुरुष ‘पत्नीं’च्या वर्तुळात सामील होतो, तेव्हा सैनिकपत्नी हे स्त्रीत्वाचे नव्हे तर व्यवस्थेतील एका जागेचे नाव आहे, हे शीर्षकाच्याही पलीकडे जाऊन स्पष्ट होते. मराठीत वीरगती प्राप्त झालेल्या सैनिकाच्या पत्नीस ‘वीरपत्नी’ म्हणण्याचा प्रघात आहे. हयात सैनिकाच्या पत्नीच्या वाट्याला मात्र असा गौरवाचा शब्द आलेला नाही.

हिंसेचे स्थलांतर :

मालिकेचा आधार असलेले तान्या बिआंक यांचे ‘अंडर द सेबर्स’ हे पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यामागे २००२ च्या उन्हाळ्यातील नॉर्थ कॅरोलिनातील फोर्ट ब्रॅग येथील घटना होत्या. काही आठवड्यांच्या अंतराने तेथील अनेक सैनिकपत्नींच्या हत्या झाल्या. संशयित त्यांचे पतीच होते आणि त्यांपैकी काही जण नुकतेच अफगाणिस्तानातून परतले होते. पत्रकार या नात्याने बिआंक यांनी या घटनांचे वार्तांकन केले होते. त्या स्वतः लष्करी कुटुंबातील होत्या, ही बाबही महत्त्वाची.

हे मूळ मालिकेत कोठे गेले? पहिल्या पर्वात डेनिसला मारहाण होते, पण मारणारा तिचा पती फ्रँक नसून मुलगा जेरेमी आहे. प्रेक्षकाचा पहिला संशय पतीवर जातो आणि नंतर तो खोटा ठरतो. धक्का म्हणून ही क्लृप्ती परिणामकारक आहे. मात्र तिच्यामुळे गणवेशातील पुरुष निर्दोष सुटतो आणि प्रश्न संगोपनाचा बनतो. पतीकडून होणारी हिंसा मालिकेत अजिबात नाही असे नव्हे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस मद्यालयात होणाऱ्या स्फोटामागे एका दुय्यम पात्राचा संतापलेला पतीच आहे. परंतु दुसऱ्या पर्वाच्या आरंभी या स्फोटात क्लॉडिया जॉयची मुलगी अमांडा मरण पावल्याचे समजते आणि सगळे दुःख होल्डन कुटुंबाच्या घरी गोळा होते. शोकालाही हुद्दा असतो, हे मालिका नकळत सिद्ध करते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. २०१७ ते २०१९ या काळात झी मराठीवर गाजलेल्या ‘लागिरं झालं जी’ या सातारच्या पार्श्वभूमीवरील मालिकेत फौजीची पत्नी प्रामुख्याने गावात, एकत्र कुटुंबात वावरते. तिच्यावरील सत्ता नात्यागोत्यांची आहे. फोर्ट मार्शलमध्ये सासू नाही. तिची जागा तळाने घेतली आहे.

जेरेमीच्या पुढील वाटचालीकडे या संदर्भात पाहावयास हवे. आईवर हात उगारणारा हा मुलगा सैन्यात दाखल होतो, शिस्तीने सुधारतो आणि पाचव्या पर्वात अफगाणिस्तानात मारला जातो. गणवेशाने त्याला घडविले व पावन केले, असे कथानक सुचविते. फोर्ट ब्रॅगच्या घटनांनी उपस्थित केलेला प्रश्न नेमका उलट होता : युद्धावरून परतलेला गणवेश घरात काय घेऊन येतो? डेनिसच्या दुःखात अभिनेत्री कॅथरीन बेल यांनी संयम राखला आहे, त्यामुळे हे प्रसंग अंतःकरणाला भिडतात. तथापि जिने मुलाचा मार मुकाट्याने सोसला आणि पुढे त्याच्याच वीरमरणाचा अभिमान बाळगला, त्या आईला या दोन्ही आठवणी एकत्र उच्चारण्याची संधी पटकथेने दिलेली नाही.