‘कंट्रोल’ म्हणजे फक्त नियंत्रण?

प्रबंधात ‘कंट्रोल ग्रुप’साठी ‘नियंत्रित गट’ असं वाचलं की मला खटकतं. तुम्ही त्या गटावर ताबा ठेवता, की त्याच्याशी निकाल ताडून पाहता?

हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधल्या ‘कॉन्ट्रा’ म्हणजे विरुद्ध आणि ‘रोटुलस’ म्हणजे गुंडाळी यांपासून, फ्रेंचमार्गे आलं. हिशेबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत ठेवून मूळ हिशेब तपासायचा, हा त्याचा जुना अर्थ. फ्रेंचमध्ये आजही ते ‘तपासणे’ या अर्थाने वापरतात.

प्रयोगात दोन्ही अर्थ लागतात. तापमान कंट्रोल करता, तेव्हा ते स्थिर ठेवता. खत न दिलेली रोपं मात्र तुमची दुसरी प्रत असते. तीच नसेल, तर वाढ खतामुळे झाली की पावसामुळे, कसं सांगणार? म्हणून माझं मत, ‘तुलना गट’ लिहा. मौखिक परीक्षेत ‘कंट्रोल कशाला घेतला?’ विचारलं, तर उत्तर शब्दातच सापडेल.