अद्भुताला नियम हवा : भारतीय सुपरहिरोपटांची आजची अवस्था

भारतीय कथापट जन्मला तो अद्भुताच्या घरात. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे चमत्कारपट काढले. 'कालियामर्दन'च्या सुरुवातीला फाळक्यांच्या सात वर्षांच्या मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा जवळून दिसतो. त्यावरचे भाव एकामागून एक पालटत जातात आणि मग तीच पोर कृष्ण होऊन यमुनेच्या डोहात उतरते. आधी खेळणारा दाखवायचा आणि मग खेळ, असा हा सरळ व्यवहार होता. प्रेक्षक फसायला राजी होता, कारण तो कशाला फसतो आहे हे त्याला आधीच सांगितले होते.

सुपरहिरो हा प्रकार मात्र बाहेरून आला. रिचर्ड डॉनरच्या १९७८ सालच्या 'सुपरमॅन'ने त्याचा साचा पक्का केला : साधा माणूस, गुपित, पोशाख, खलनायक आणि शेवटी शहराची सुटका. हिंदी निर्मात्यांनी हा साचा उचलला. 'शिवा का इन्साफ' (१९८५), हिंदी 'सुपरमॅन' (१९८७), 'अजूबा' (१९९१) ही त्याची फळे. यांतले एकही आज गंभीरपणे पाहिले जात नाही आणि त्यात अन्यायही नाही.

त्याच काळातला 'मिस्टर इंडिया' (१९८७) मात्र टिकला. शेखर कपूरच्या या चित्रपटात नायकाला अदृश्य होता येते, पण लाल प्रकाशात तो दिसतो. पटकथाकार सलीम-जावेद यांनी घातलेली ही एवढीशी अट साऱ्या चित्रपटाला पुरते. नायक मारामारीत किती भारी आहे हा प्रश्न उरत नाही, लाल काच कुणाच्या हाती लागणार एवढीच धाकधूक उरते. शिवाय शक्ती ज्याला मिळाली तो अरुण वर्मा भाडे थकलेला, घरात अनाथ पोरांचा गोतावळा सांभाळणारा माणूस. पोरांना दोन वेळचे जेवण कसे घालायचे ही त्याची पहिली अडचण आहे, खलनायक मोगॅम्बो दुसरी. भेसळीच्या धान्यातले खडे खलनायकाच्या माणसालाच चावायला लावण्याचा प्रसंग आजही हशा घेतो, कारण अदृश्य होण्याचा इतका घरगुती उपयोग त्याआधी कुणाला सुचला नव्हता.

भारतीय अद्भुतपटाचा कस याच दोन गोष्टींवर लागतो. शक्तीला काही नियम आहे का, आणि ती मिळण्यापूर्वी माणसाला काही पोटापाण्याचे आयुष्य होते का? खर्च, तंत्र, नटाचे वलय हे सारे नंतर येते. गेल्या पंधरा वर्षांतले चित्रपट या कसाला लावले की तिकीटबारीच्या आकड्यांपेक्षा वेगळेच चित्र समोर येते.

एस. एस. राजामौली यांच्या 'ईगा'चे (२०१२) उदाहरण घ्यावे. खून झालेला प्रियकर माशी होऊन परत येतो आणि सूड घेतो. वाचताना हास्यास्पद वाटणारी ही कल्पना पडद्यावर श्वास रोखायला लावते, कारण दिग्दर्शक माशीला माशीच ठेवतो. तिला बोलता येत नाही, एका फटक्यात ती मरू शकते, खलनायकाच्या कानाशी गुणगुणून त्याची झोप उडवणे हेच तिचे पहिले शस्त्र. नायिका सूक्ष्म वस्तू घडवणारी कारागीर असल्यामुळे माशीसाठी इवलीशी आयुधे तयार होतात, तीही पटतात. याच राजामौलींच्या 'बाहुबली'ची (२०१५, २०१७) भव्यता निर्विवाद आहे. पण बाहुबलीला अशक्य असे काही उरत नाही, त्यामुळे त्याची काळजीही वाटत नाही. भव्यतेत माशी वरचढ ठरत नाही, नाट्यात ठरते.

नियमाची सर्वांत कडक अंमलबजावणी 'तुंबाड'मध्ये (२०१८) आहे. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आले आणि कल्पनेचे बीज नारायण धारपांच्या कथेतले. देवीचा पहिला मुलगा हस्तर याने सोने घेतले आणि धान्यावरही हात टाकला. इतर देवांच्या तडाख्यातून आईने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवले, पण त्याच्या वाट्याला कायमची भूक आली. चित्रपटाचा नायक विनायकराव त्या गर्भात दोर टाकून उतरतो. भोवती पिठाचे रिंगण, हातात पिठाची बाहुली. हस्तर बाहुली खाण्यात गुंतला की तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातल्या मोहरा जितक्या हाती लागतील तितक्या ओढायच्या आणि वर यायचे. वर आल्यावर पुण्यात जाऊन मोहर मोडायची, पैसे संपेपर्यंत चैन करायची आणि पुन्हा खाली जायचे. मोहरा मिळवणे ही एक प्रकारची नोकरीच होऊन बसते. मुलगा पांडुरंग मोठा होतो तेव्हा त्याला युक्ती सुचते : मूठमूठ मोहरा कशाला, अख्खा लंगोटच आणू. त्यासाठी बाप-लेक अनेक बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. नियम पहिल्या दिवसापासून प्रेक्षकांसमोर होता. हावेने तो वाचला नाही, इतकेच.

या चित्रपटातला पाऊस खरा आहे. अनेक पावसाळे थांबून केलेले चित्रीकरण पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात चिखलासारखे मुरले आहे. भिंतींची ओल, चिमणीचा उजेड, साखळदंडाला बांधलेली म्हातारी, यांतले काहीच सजावट वाटत नाही. २०१८ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा प्रारंभ या चित्रपटाने झाला, तरी देशात तो बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. पुन्हा प्रदर्शित होऊन पहिल्या खेपेला मागे टाकणे फार थोड्या चित्रपटांना जमते.

बेसिल जोसेफ यांचा मल्याळम 'मिन्नल मुरली' (२०२१) दुसऱ्या कसोटीवर सगळ्यांत खरा उतरतो. कुरुक्कनमूला नावाच्या गावातला जेसन हा शिंपी आहे आणि त्याचे सारे लक्ष अमेरिकेला जाण्याकडे लागलेले आहे. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यावर वीज पडते. त्याच विजेचा तडाखा चहाच्या टपरीवर राबणाऱ्या शिबूलाही बसतो. शक्ती सारखी, माणसे वेगळी. जेसनला गावाने कमी का होईना पण आपले मानलेले असते, शिबूला कुणीच नाही. गुरु सोमसुंदरम यांनी उभा केलेला हा शिबू खलनायक म्हणावा असा नाही. वर्षानुवर्षे एकाच बाईची वाट पाहणारा, वेडसर ठरवला गेलेला माणूस आहे तो. त्याच्या हातून आग लागते तेव्हा प्रेक्षकाला त्याचा राग येण्याआधी वाईट वाटते. शेवटची लढाई नेहमीच्याच वळणाने जाते आणि ती थोडी लांबलीही आहे, पण तोवर चित्रपटाने आपले काम केलेले असते.

केरळनेच पुढे 'लोका : चॅप्टर वन – चंद्रा' (२०२५) दिला. डॉमिनिक अरुण यांनी कल्लियंकाट्टू नीली या लोककथेतल्या यक्षीला आजच्या बंगळुरूत आणून कॅफेत नोकरीला ठेवले. लोककथेत पुरुषांना भुलवून मारणारी यक्षी इथे राजाच्या अत्याचारातून वाचलेली आदिवासी मुलगी ठरते. एका बाईवर उभा असलेला, तुलनेने कमी खर्चातला हा चित्रपट मल्याळमच्या आजवरच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत जाऊन बसला. उत्तरार्धात तो पुढच्या भागांची पेरणी करण्यात रमतो, ही त्याची खोट.

तेलुगूत प्रशांत वर्मा यांचा 'हनुमान' (२०२४) आणि नाग अश्विन यांचा 'कल्की २८९८ एडी' (२०२४) एकाच वर्षी आले. पहिल्यात गावातल्या उनाड पोराला हनुमंताचे बळ मिळते. विनोद ढोबळ असला तरी गाव गावासारखे आहे. दुसऱ्याचा पट प्रचंड, पण लक्षात राहतो तो अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा. नर्मदेच्या परिक्रमेत कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागणारा अश्वत्थामा भेटल्याच्या कथा मराठी घरांत अजून सांगितल्या जातात. त्या ऐकलेल्यांना या भूमिकेचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. अमरत्व हाच त्याचा शाप, म्हणून त्याच्या प्रत्येक हालचालीला किंमत आहे. प्रभासच्या भैरवाला तशी किंमत पहिल्या भागात तरी मोजावी लागत नाही.

हिंदीतल्या खर्चिक प्रयोगांचे गणित नेमके इथे बिघडते. अयान मुखर्जीच्या 'ब्रह्मास्त्र'मध्ये (२०२२) अस्त्रांची मांडणी चांगली आहे, वानरास्त्राचा सुरुवातीचा प्रसंग तर उत्तमच. पण नायकाचा अग्नी प्रेमाने पेटतो हा नियम इतक्यांदा आणि इतक्या बोलघेवडेपणाने सांगितला जातो की तो नियम न राहता घोषवाक्य होतो. ओम राऊत यांचा 'आदिपुरुष' (२०२३) याहून खाली गेला. झलक पाहूनच टीका झाली, प्रदर्शन लांबले, चित्रपट लागल्यावर संवाद बदलावे लागले. 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' करणाऱ्या दिग्दर्शकाला रामायण ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्यातले एकही पात्र मात्र कुठे उभे आहे हे कळत नाही. सगळीकडे एकच काळोखी पोकळी आणि तिच्यात तरंगणारे चेहरे.

दोष तंत्रज्ञांचा आहे, हे म्हणणे सोपे आणि चुकीचे. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांचे रोटो आणि कंपोझिटिंग हे दृश्यपरिणामांचे काम मुंबई-चेन्नईत वर्षानुवर्षे होते आहे. 'ड्यून'च्या दोन्ही भागांना दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळवून देणाऱ्या डीएनईजी या कंपनीची मालकी भारतीयांकडे आहे, आणि 'ब्रह्मास्त्र'चे कामही तिनेच केले. ज्या प्रसंगात कुणाचे काहीच पणाला लागलेले नाही, तो कितीही सफाईने रंगवला तरी सपाटच राहतो.

हॉलिवूडचेही आता तेच झाले आहे. 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'ने (२०१९) जगभर २७९ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. चारच वर्षांनी आलेला 'द मार्व्हल्स' त्या मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. मेलेला नायक दुसऱ्या विश्वातून परत येऊ शकतो हे एकदा कळले की त्याच्या मरणाला कुणी रडत नाही. भारतीय निर्माते मात्र एकमेकांत गुंफलेल्या चित्रपटांच्या या 'युनिव्हर्स'च्या नादाला नेमके आत्ता लागले आहेत.

पैशाविना काय होते ते मालेगावात दिसले. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. सायकलवर कॅमेरा ठेवला की ट्रॉली, बैलगाडीवर चढवला की क्रेन. सुपरमॅन झाला तो हाडकुळा यंत्रमाग कामगार. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात हिरव्या पडद्यापुढे तो उडण्याची खटपट करताना दिसतो. आधी हसू येते, मग त्याच्या बरगड्यांवर नजर जाते आणि हसू थांबते. याच कथेवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' (२०२५) हा चरित्रपट केला. तो नेटका आहे, आदर्श गौरव आणि शशांक अरोरा यांचा अभिनय उत्तम आहे, आणि तरी माहितीपट त्याहून सरस. तिथे जुगाड प्रत्यक्ष घडतो, इथे त्याचे नेपथ्य उभारलेले आहे.

मुंबईच्या पाणीचोरीशी भिडणारा विक्रमादित्य मोटवाने यांचा 'भावेश जोशी सुपरहिरो' (२०१८) पडला. चेहऱ्यावर कागदी पिशवी चढवून सिग्नल तोडणाऱ्यांना अडवणारी पोरे त्यात आहेत. पूर्वार्धापुरता तो या साऱ्या यादीत वरच्या रांगेत बसावा.

राहता राहिली मराठी. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मध्ये (१९९३) तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो, आणि बाहुल्यातून सुटायचे तर आपले गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितले त्याच्याच देहात शिरावे लागते. कल्पना उसनी असली तरी नियम चोख होता. रामदास पाध्यांच्या बाहुल्याने आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरगुंडीने बाकीचे काम केले. त्यानंतर निखिल महाजन यांचा 'बाजी' (२०१५) हा मुखवट्याच्या नायकाचा प्रामाणिक पण विस्कळीत प्रयत्न आला. आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने (२०२२) डोंबिवलीतल्या टॉवर आणि वस्तीतल्या पाण्याच्या भांडणावर झोंबी सोडले, आणि ते जमलेही.

मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणापासून देशापर्यंत सर्वांना ठाऊक. सरपोतदारांनी तिच्यावर 'मुंज्या' (२०२४) केला. हट्टी पोराचा लग्नाचा हट्ट मेल्यावरही सुटत नाही, हा त्याचा नियम हसवतोही आणि अंगावर काटाही आणतो. शेवटच्या गोंगाटाने आणि 'भेडिया' या चित्रपटाशी जोडलेल्या शेपटाने थोडे नुकसान केले, तरी त्याने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. चित्रपटातली आजी सुहास जोशी आहेत, गाव कोकणातले, भूत आपले, भाषा हिंदी. 'तुंबाड'ही हिंदीतच. 'झोंबिवली'नंतर सरपोतदारांनी केलेले 'मुंज्या', 'ककुडा' (२०२४) आणि 'थामा' (२०२५) हे तिन्ही भुताखेतांचे चित्रपट हिंदी आहेत.