पिझ्झेरियासमोरचा दुकानदार

स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग'वर (१९८९) बोलणं निघालं की ते शेवटच्या मारामारीवरच येऊन थांबतं. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागातली एक गल्ली, वर्षातला सगळ्यात उकाड्याचा दिवस. गिऱ्हाईक बहुतेक काळं असताना पिझ्झाच्या दुकानातल्या भिंतीवर फोटो मात्र फक्त इटालियन-अमेरिकन लोकांचेच का, यावरून वाद सुरू होतो आणि रात्री हातघाईवर येतो. मालक सॅल बॅटने रेडिओ रहीमचा टेपरेकॉर्डर फोडतो. रस्त्यावर झटापट होते, पोलीस येतात आणि रहीमच्या गळ्यावर दंडुका आवळून त्याचा जीव घेतात. मग सॅलकडेच डिलिव्हरीचं काम करणारा मूकी (ही भूमिका खुद्द लीची) कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो. जमाव दुकान पेटवतो.

मूकीने केलं ते बरोबर की चूक? ली मुलाखतींतून सांगत आलाय, की हा प्रश्न त्याला गोरे प्रेक्षकच विचारतात, काळ्या प्रेक्षकांनी कधी विचारला नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हिशेबात काच असते, रहीम नसतो. सिनेमा यायच्या आधीच काही अमेरिकन समीक्षकांनी तो बघून काळी पोरं दंगल करतील अशी भीती छापून टाकली होती. दंगल झाली नाही. आणि रहीमचं मरण लीने हवेतून आणलेलं नव्हतं. १९८३मध्ये मायकल स्टुअर्ट हा काळा तरुण न्यूयॉर्कच्या सबवे स्टेशनात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडला गेला, कोठडीत बेशुद्ध झाला आणि १३ दिवसांनी दवाखान्यात वारला. दोन वर्षांनी खटल्यातले सगळे पोलीस निर्दोष सुटले. ज्या कुटुंबांना हा सिनेमा अर्पण केलाय, त्यांत स्टुअर्टचं कुटुंब आहे.

पण मला या सिनेमात सॅल आणि मूकीपेक्षा समोरच्या फुटपाथवरचा माणूस जास्त छळतो. पिझ्झेरियाच्या समोर एका कोरियन जोडप्याचं भाजी-फळांचं दुकान आहे. कोपऱ्यावर बसून दिवसभर गप्पा छाटणारे तीन काळे म्हातारे त्या दुकानाकडे बघून जळफळतात: काल-परवा आलेल्या या लोकांनी बंद पडलेल्या जागेत धंदा उभा केला, आपल्याला इतक्या वर्षांत का जमलं नाही? रात्री सॅलचं दुकान जळत असताना जमाव या दुकानाकडे वळतो. कोरियन दुकानदार झाडू फिरवत जीव तोडून ओरडतो, की मी गोरा नाही, मीही काळाच आहे, तुम्ही-आम्ही सारखे. लोकांना हसू येतं. ते त्याला सोडून देतात.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्या मराठी माणसाने या गल्लीत स्वतःला शोधायचं ठरवलं, तर तो रहीममध्ये सापडणार नाही, सॅलमध्येही नाही. तो या झाडूवाल्यात सापडेल. नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात १९६५चा इमिग्रेशन कायदा झाला, देशवार कोटे गेले आणि आपल्या शिकलेल्या लोकांसाठी अमेरिकेचं दार उघडलं. ते दार ढकलायला काळ्या माणसांनी मार खाल्ला होता. तरी २०२०मध्ये मिनिआपोलिसच्या रस्त्यावर पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून त्याला मारलं, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती फुटलेल्या दुकानांची. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी मराठीचं नातं आहे, पण ते जोडलं १९७२च्या दलित पँथरने. ब्लॅक पँथरवरून नाव घेताना त्या पोरांना कोणत्याही दुकानदाराची भीती दाखवावी लागली नव्हती. परदेशी गेलेल्या सुखवस्तू मराठी माणसाने ते नातं कधी आपलं मानलं, असं मला दिसत नाही.

आपण कुठले, हे सोयीने ठरवायची सवय जुनी आहे. १९२३मध्ये भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नागरिकत्वासाठी लढले, ते आपण उच्च जातीचे आर्य, म्हणजे गोरेच, असं सांगत. ते हरले. कोरियन दुकानदार काळा असल्याचं सांगतो आणि वाचतो. पोलीस मात्र विचारत बसत नाहीत. २०१५च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात, मुलाकडे राहायला आलेले एक गुजराती आजोबा घराजवळ फिरत होते. एक हडकुळा काळा माणूस फिरतोय, असा कुणीतरी फोन केला. पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं, की त्यांचं शरीर अंशतः लुळं पडलं. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. झाडू फिरवून काही सांगायला त्यांना वेळच मिळाला नाही.

इथेच लीचा सिनेमा कमी पडतो असं मला वाटतं. सॅलला त्याने भरपूर दिलंय: दोन मुलं, त्यांची भांडणं, ही पोरं आपलं खाऊन मोठी झाली हा अभिमान. कोरियन जोडप्याच्या वाट्याला बहुतेक आरडाओरडा आणि तुटकं इंग्रजी येतं. त्यांना घर नाही, दुकान बंद केल्यावरची संध्याकाळ नाही. त्यामुळे आपण काळे असल्याचं तो ओरडतो ते भीतीने, की खरंच त्याला काही उमगलंय, हे कळायला वाव राहत नाही. प्रेक्षकही जमावासोबत हसतो आणि सुटतो.

त्या दृश्याचं पुढचं पान मिनिआपोलिसात लिहिलं गेलं. फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनात 'गांधी महाल' नावाचं हॉटेल जळालं. त्याचा बांगलादेशी मालक म्हणाला, की इमारत जळू दे, ती परत बांधता येईल, पण माणूस परत येणार नाही. न्याय झाला पाहिजे. जळालेलं हॉटेल त्याचं स्वतःचं होतं, म्हणून त्याच्या शब्दांना वजन आहे.

लीच्या सिनेमात दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी येते. महापौरांनी चौकशी समिती नेमली आहे. कशासाठी, तर शहर कुणालाही मालमत्तेची नासधूस करू देणार नाही. रहीमचं नाव त्या घोषणेत नाही.