दासगावची वस्ती : नोंद आणि वास्तव

गावाचा इतिहास लिहिताना प्रथम जातींची यादी द्यावी आणि नंतर प्रत्येक जात कोठून आली ते सांगावे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. महाड तालुक्यातील दासगावास ही रीत लावली असता तिचे अपुरेपण ध्यानात येते.

सावित्रीच्या खाडीवरील हे गाव महाडपासून सुमारे पाच मैलांवर आहे. मुंबईचा उतारू पूर्वी येथे जलमार्गाने येई. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर २५ डिसेंबर १९२७ रोजी याच बंदरात उतरले. १८८३ सालच्या कुलाबा-जंजिरा गॅझेटिअरात मात्र लोकवस्ती, व्यापार आणि स्थळे यांची प्रकरणे निरनिराळी आहेत. त्यामुळे बंदर एकीकडे आणि बंदरावर जगणारी माणसे दुसरीकडे पडतात. धंदा बदलला की समाज बदलतो, ही गोष्ट अशा मांडणीत दिसू शकत नाही.

महार समाजाचेच उदाहरण घेऊ. मुंबई फौजेत महाड परिसरातील महारांनी चाकरी केली. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही भरती बंद झाली. तोवर पेन्शन आणि अक्षरओळख घेऊन परतलेल्या शिपायांमुळे वस्तीचे अंतरंग पालटले होते. यादीतील जातीचे नाव तेवढे कायम राहिले.

पुढे याच्या उलट घडले. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. मधल्या काळात कोणी परप्रांतीय बौद्ध येथे येऊन वसले नव्हते. १९५६ च्या धर्मांतराने घरे तीच राहिली, नाव बदलले. कोकणात महारवाड्याची ‘बौद्धवाडी’ झाली, तीही अशीच. हा केवळ शब्दांचा फेर मानणे चूक ठरेल. पहिले नाव इतरांनी दिलेले होते, दुसरे वस्तीने स्वतः घेतलेले आहे. नाव देण्याचा अधिकार हस्तांतरित होणे हीच येथील ऐतिहासिक घटना होय.

दासगावशी निकटचा संबंध असलेले कॉ. रा. बा. मोरे यांचे आत्मकथन २००३ साली त्यांच्या चरित्रग्रंथातून प्रसिद्ध झाले. गॅझेटिअरने तोडलेले दुवे ते जोडते : बंदर, शाळा, फौज आणि मुंबई यांचा परस्परसंबंध त्यात उमटतो. तथापि ते एका वस्तीतून पाहिलेले गाव आहे. खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांचे, कोळ्यांचे वा कुणब्यांचे गाव त्यावरून ठरविता येणार नाही. त्यांच्या साक्षी स्वतंत्रपणे मिळविल्या पाहिजेत.

‘चाकरमानी’ हा शब्दही येथे विचारात घ्यावा लागेल. पोटासाठी मुंबईस गेलेला तो माणूस मोजला जातो शहरात; पण त्याचे घर, देव आणि भावकी गावातच असतात. कोणती शिरगणती त्याला दासगावकर म्हणेल?

हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नाही. जुलै २००५ मध्ये दरड कोसळून दासगावात जीवितहानी झाली. अशा आपत्तीनंतर रहिवासी कोण आणि घरावर हक्क कोणाचा, हे कागदावरूनच ठरविले जाते. म्हणून गावाचा अभ्यास करणाऱ्याने यादीपाशी थांबू नये. ती कोणी केली, कोणत्या शब्दांत केली आणि तिच्याबाहेर कोण राहिले, येथून त्याने आरंभ करावा.