चौधरी, जावजी दादाजी

(१८३९–५ एप्रिल १८९२). मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक आणि देवनागरी मुद्राक्षरांचे निर्माते. प्रकाशक म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. तथापि तिचा पाया अक्षर कोरण्याच्या कलेत आहे, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

जन्म मुंबईत, गरीब कुटुंबात. औपचारिक शिक्षण अत्यल्प. वयाच्या दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. टॉमस ग्रॅहम यांनी कोरलेली सुबक देवनागरी अक्षरे तेथे त्यांच्या रोजच्या हाताळणीत आली. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश इ. छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला.

पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, कांबीला पाणी देऊन ती कठीण करावयाची, तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा मिळवावयाचा आणि त्यात शिसे, अँटिमनी व कथिल यांची मिश्रधातू ओतून खिळे पाडावयाचे, अशी ही प्रक्रिया. कोरताना झालेली केसभर चूक पुढे प्रत्येक खिळ्यात उतरते. हे काम करणारे कुशल कारागीर म्हणजे जावजींचे सहकारी राणूजी रावजी आरू. मुद्रणाच्या इतिहासाबाहेर त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, हे अन्यायाचे होय.

इटलीतील बोदोनी (१७४०–१८१३) याने रोमन अक्षरांतील जाड व बारीक रेषांचा विरोध पराकोटीस नेला. त्यात लेखणीचा मागमूस जवळजवळ उरला नाही. निर्णयसागरच्या अक्षरांत मात्र बोरूचा तिरका कट स्पष्ट दिसतो. वळणे भरदार आहेत, पण शिरोरेषा अक्षरावर दडपण आणीत नाही. या अक्षरांची खरी कसोटी बारीक आकारात लागते. वर ठळक श्लोक आणि खाली दाट टीका, अशी मांडणी असलेल्या संस्कृत ग्रंथांतील अवघड जोडाक्षरेही न अडखळता वाचता येतात. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेचा लौकिक संपादकांच्या विद्वत्तेइतकाच या सुवाच्यतेवर उभा आहे.

एक मर्यादा मान्य करावी लागते. जोडाक्षरांसाठी खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाई व जुळाऱ्याचे काम संथ होई. यंत्राने जुळणी होऊ लागल्यावर खिळ्यांची ही विपुलता सांभाळणे कठीण झाले आणि अनेक सुंदर जोडण्या तुटल्या.

जावजींच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखान्याचे काम पुढे चालविले.